उजव्या सीटवरची माय

“ऐकलं काय वो? माह्या भावानं आबाची जीप इकाले काढली!”

काकूंनी एवढंच सांगितलं आणि तुरीच्या शेंगांचं टोपलं भिंतीवर ठेवलं. टोपलं भिंतीवर आलं की गोठ लांबणार, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. अमरावतीच्या या वस्तीत भिंती छातीएवढ्याच आहेत. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या, आमची सोय झाली.

“कोणती? ती डाव्या स्टेअरिंगची?”

“तेच ना! अकोल्यात गिऱ्हाईक येते, बोनट उघडून पाह्यते, इंजिनाले चांगलं म्हनते, अन् स्टेरिंग पाह्यलं की भाव अर्धा करते. एक दलाल म्हने, स्टेरिंग उजव्या अंगाले करून द्या, मंग देतो पैसे. भाऊ मिस्त्रीकडे न्याले निघाला.”

“काकू, आधी फोन लावा आणि थांबवा त्यांना.”

एवढं ठासून मी सांगू शकले, कारण आमच्याकडचे मोटार विम्याचे सर्व्हेअर होते. वरण-भाताबरोबर घसारा आणि चेसिस नंबर ऐकत माझा संसार झाला आहे.

“कायले थांबवू?”

“अहो, अशी जीप घेणारे दोन प्रकारचे. एकाला वावरात न्यायची असते. स्टेअरिंग कुठंही असू द्या, त्याला स्वस्त पाहिजे. दुसरा हौशी. कारखान्यातून निघाली तशीच आहे का, एवढंच तो पाहतो. डावं स्टेअरिंग ही त्याच्या लेखी खोट नाही, ओळख आहे. मिस्त्रीनं ती पुसली की हौशी परत जातो आणि वावरवाला काही वाढवून देत नाही. शिवाय आरसीत नाही असा बदल केला की कायद्याचं कलम 52 आडवं येतं.”

काकूंनी चार शेंगा सोलल्या. पटलं होतं, पण लगेच मान डोलावणं त्यांच्या स्वभावात नाही.

“पन मले सांग, कंपनीनं डावीकडं देल्लंच कायले? आपल्याकडं तं सगये डाव्या अंगानं चालते.”

“आपल्यासाठी बनवली असती तर ना! विलीज आणि फोर्डनं ती अमेरिकेच्या सैन्यासाठी बनवली, 1941 पासून लढाई संपेपर्यंत सहा लाखांवर. तिकडे रस्त्याची उजवी बाजू, म्हणून चालक डावीकडे. के. सी. महिंद्र तेव्हा भारताच्या खरेदीच्या कामावर अमेरिकेत होते. तिथं त्यांची जीपच्या बार्नी रूस या इंजिनिअरशी गाठ पडली. 1945 मध्ये महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणी झाली, यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीच्या पाटीवर दोन्हीकडे महिंद्रच उरले. विलीजचे सुटे भाग बोटीनं मुंबईला यायचे आणि इथं जोडले जायचे. साचा तिकडचा, म्हणून स्टेअरिंगही तिकडचं. उजव्या हाताच्याही निघाल्या पुढं, पण डाव्या हाताच्या कितीतरी जुन्या जिपा अजून धावतात.”

“म्हंजे भागीदार पाकिस्तानात, स्टेरिंग अमेरिकेत, अन् आमचा आबा अकोल्यात!”

मग त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. माहेरची गोष्ट निघाली की त्यांचे हात थांबतात.

“आबा चालवे अन् माय बसे उजव्या सीटवर. तिचं कामच ते. समोर कापसाचा ट्रक असला की आबाले काई दिसे नाई. डाव्या कडेले बसलेला मानूस, ट्रकच्या पलीकडून येनारी एसटी त्याले कशी दिसन? मंग माय पदर दातात धरून बाहेर वाके. ‘घ्या’ म्हनलं की घ्याचं, ‘दम धरा’ म्हनलं की धराचा. आबानं घरात तिचं एक ऐकलं नाई जिंदगीत. गाडीत मात्र तिच्या शब्दाबिगर ट्रकच्या पुढं गेला नाई.”

“आणि भांडण झालं तर?”

“झालं ना एक बार! माहेराहून पैसे आनाच्या गोठीवरून. बोरगाव मंजूपासून कुरणखेडपर्यंत माय बोललीच नाई. आबा तेवढा रस्ता एका बंडीच्या मांगं. धुरकरी वळून वळून पाहे, की हा जीपवाला आपल्या मांगं कायले लागला. शेवटी आबा म्हने, ‘चूक झाली, आता तं सांग.’ तवा माय म्हने, ‘घ्या.’”

हे त्या माउलीचं ‘घ्या’ मला तरी कुठल्याही परवान्याहून मोठं वाटतं. अशी गाडी चालवायला माणसं दोन लागतात, आणि आरसीवर नाव एकाचंच असतं.

“पण पोलीस नव्हते अडवत?”

“कायले अडवतीन?”

“खरंय, बंदी नाहीच. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 120 याच गाड्यांचं आहे. डावं स्टेअरिंग असेल तर यांत्रिक नाही तर विजेचं इशारा देणारं साधन हवं, आणि ते चालू हवं. डावीकडे बसलेल्यानं उजवा हात लांब केला तर तो गाडीतच राहतो ना!”

“आमच्याकडं मायचा हात होता.”

“आणि मागं इंग्रजीत लिहिलं असेल, ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’.”

“होतं लिवलेलं. आमाले लहानपनी वाटे, जीपचं नावच हाय ते.”

डाव्या बाजूचे फायदेही काकूंना पाठ आहेत. चिखलदऱ्याच्या घाटात खाई डाव्या अंगाला आली की आबांना चाक अन् कडा एका नजरेत दिसायची. पांदणीत काटे किती जवळ आहेत ते कळायचं. उतरलं की पाय थेट कडेच्या मातीवर, मागून येणाऱ्या ट्रकची भीती नाही. टोलनाक्यावर मात्र पैसे द्यायला शेजारच्याच्या अंगावरून हात घालावा लागे. फास्टॅगनं ती कटकट संपवली.

“आणि आता तर तुमचा अकोल्याचा रस्ताच बदलला,” मी म्हटलं. “2022 च्या जूनमध्ये लोणीपासून मान्यापर्यंत 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकलं, गिनीज बुकात नाव गेलं. चौपदरी रस्त्यावर समोरून गाडी येतच नाही. डावं काय नि उजवं काय!”

“तेच म्हनतो मी. दुभाजक आला अन् माही भावजय मांगच्या सीटवर गेली. मोबाइल पाह्यत बसते.”

“तुमच्या न्यू जर्सीच्या भाच्याची गाडीही डाव्याच हाताची की.”

“तो तं म्हने, परत येताना घेऊनच येतो!”

“नाही येऊ देणार. आयातीचे नियम कडक आहेत. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी नको, स्टेअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा, दिवेसुद्धा डाव्या बाजूनं चालणाऱ्या रस्त्याचे हवे. तिकडचा डिपर उजव्या कडेकडे जास्त उजेड टाकतो, तो इथं समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. परदेशी पाहुण्यांची गोष्ट वेगळी. 2015 मध्ये ओबामा प्रजासत्ताक दिनाला आले, त्यांची काळी गाडी विमानानं आली होती. ड्रायव्हर डावीकडेच.”

“त्याले ‘घ्या’ कोन म्हने?”

“त्यांच्यापुढं ट्रक ठेवतं कोण, काकू!”

काकू हसल्या, म्हणून मी आणखी पुढं गेले. आमच्याकडच्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमध्ये 1967 पर्यंत लोक रस्त्याच्या डावीकडूनच चालत, पण बहुतेक गाड्या डाव्या स्टेअरिंगच्या. अख्खा देशच आबांसारखा. 1955 मध्ये लोकांना विचारलं तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांनी बदल नको म्हटलं. तरी सरकारनं 3 सप्टेंबर 1967 ला पहाटे सगळ्यांना उजवीकडे नेलं.

“म्हंजे समद्या बाया एका रात्रीत बेकाम!”

“आणि तुमच्या भाच्याला विचारा, अमेरिकेत पोस्टाच्या गाड्या उजव्या हाताच्या असतात. कडेच्या पेटीत बसल्या जागेवरून पत्र टाकता यावं म्हणून.”

“त्याले काय मालूम! तो घरून काम करते.” काकूंनी टोपलं पुन्हा ओढलं. “ते जाऊ दे. भाव किती येईन ते सांग.”

इथं गाडी खरी अडते. नव्या गाडीचं सोपं असतं. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता, निम्म्यापर्यंत किंमत उतरते. त्यापुढं विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतील ती किंमत. आबांच्या जिपेला तक्ता लागू नाही. विम्यात विंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940 च्या आधीची आणि विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचा दाखला असलेली. तिथं ही 1969 ची जीप पोरसवदा ठरते. परिवहन मंत्रालयानं मात्र 2021 मध्ये 50 वर्षांपुढची दुचाकी-चारचाकी विंटेज ठरवली. नव्यानं नोंदणी केली तर 20 हजार रुपये आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. तिथं तीच जीप म्हातारी.

“मंग करून घेतो म्हना विंटेज!”

“करू शकतात. पण मग रोज वापरायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या.”

“अन् सरकी आनाले?”

“नाही चालणार.”

“मंग भाऊ नाई करन. त्याले गाडी म्हनलं की पोतं आठोते.”

“नका करू. पण चेसिसचा नंबर आरसीशी जुळतो का ते पाहा, कंपनीच्या पितळी पट्ट्या कोणी काढल्या असतील तर शोधा, आणि मागचं ते इंग्रजी लिहिलेलं पुसू नका. रंगही नवा देऊ नका. हौशी माणूस जुन्या रंगावर भाळतो, नव्या रंगाखाली काय लपवलं म्हणून विचारतो.”

काकूंनी भिंतीवरची टरफलं फुंकून माझ्या अंगणात उडवली आणि आवाज खाली आणला.

“काल खामगावचा एक येऊन गेला. तोच म्हने, स्टेरिंगले हात लावू नका, डावंच पायजे.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?”

“तू काय सांगतं ते पाहून रायलो होतो.”

“बरं, किती म्हणाला तो?”

“ते नाई सांगत. तुह्याकडचे लगेच अकोल्याले फोन लावतीन.”