तेरा भागवाले काकाजी

‘रामायण’ आठवणारा माणूस काकाजींच्या हिशेबी रसिकांत जमाच होत नाही. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, ३१ जुलै १९८८ ला संपलं, दर रविवारी सकाळी टीव्हीला हार-उदबत्ती झाली, सगळ्या देशानं पाहिलं. त्यात काय सांगायचं? ते आठवणं म्हणजे स्वतःचं आडनाव आठवण्यासारखं. ‘महाभारत’, ‘बुनियाद’, ‘हम लोग’ यांचीही तीच गत. काकाजींचं प्रेम जडलं ते दूरदर्शनवर तेरा आठवडे चाललेल्या मालिकांवर. चौदाव्या आठवड्यात त्यांच्या जागी दुसरंच काही लागलं आणि पंधराव्या आठवड्यात त्यांत काम केलेल्यांच्या नातेवाइकांनीही त्यांचं नाव काढणं सोडलं.

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका फाट्याच्या पानठेल्यावर काकाजी सापडतात. आयुष्यभर राइस मिलमध्ये दिवाणजी होते. धानाचं पोतं नुसतं पाहून वजन सांगणारा हा माणूस, पण निवृत्तीनंतर धानाविषयी एक शब्द बोलत नाही. ठेलेवाला खर्रा घोटत असतो, काकाजी गिऱ्हाईक हेरत असतात. बसची वाट पाहणारा, हातात पिशवी असलेला, पळून जाऊ न शकणारा इसम दिसला की सरकून जवळ येतात.

“‘इंद्रधनुष’ पाह्यली होती का गा?”

माणूस ‘नाही’ म्हणाला तर काकाजींचा चेहरा खुलतो. ‘हो’ म्हणाला तर पंचाईत. ऐंशीचं दशक संपता संपता आलेली ही मुलांची मालिका, तीत संगणक, परग्रह, आणि पोरांच्या टोळक्यात आजचा करण जोहर. हे सगळं समोरच्यालाच ठाऊक असलं तर काकाजींनी करायचं काय? (करण जोहरचा विषय निघाला की ते “त्याले मी लहानपनापासून ओळखतो” असं म्हणतात. खोटं नाही म्हणता येत.) मग ते एकेक पायरी खाली उतरत जातात. ‘किले का रहस्य’ पाह्यली? ‘स्पेस सिटी सिग्मा’? तीतला तो जखाकू? लेख टंडनची ‘फिर वही तलाश’? समोरचा तिथेही टिकला तर काकाजी हुकमाचं पान काढतात: “नाव नाही सांगत. गोष्ट सांगतो, तूच ओळख.” इथे आजवर कोणी टिकलेलं नाही.

या आवडीचं मूळ समजायचं तर तो काळ पाहायला हवा. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण मुंबई कुठे आणि वैनगंगेचा काठ कुठे! १९८४ मध्ये देशात जवळजवळ रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र उभं राहू लागलं, तेव्हा कुठे तालुक्या-खेड्यांत टीव्ही पोचला. काकाजींनी सरकत्या दारांचा कृष्णधवल टीव्ही घेतला, अँटिना बांबूला बांधून मावळतीकडे, म्हणजे नागपूरकडे, वळवला आणि गाव ओसरीत जमलं. त्याच वर्षी ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली. तिचा प्रायोजक मॅगी. चिन्नोरचा भात खाणाऱ्या मुलखानं दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया प्रथम पाहिल्या त्या काकाजींच्या ओसरीत, आणि “दोन मिनिटांत तं चूलही पेटत नाही” असा निकाल तिथेच लागला.

प्रायोजक आले आणि निर्मात्यांची मंडी हाऊसला रांग लागली. दूरदर्शनचं मुख्यालय दिल्लीत मंडी हाऊसला होतं. काकाजी ‘मंडी हाऊस’ हे नाव अशा सुरात घेतात की ऐकणाऱ्याला ते भंडाऱ्यात कलेक्टर कचेरीच्या मागे असावं असं वाटतं. तिथून मालिकेला मंजुरी मिळायची ती सहसा तेरा भागांची. आठवड्याला एक भाग, तिमाहीचे तेरा आठवडे, असा साधा हिशेब. चालली तर पुढे वाढ, नाही तर नमस्कार. त्यामुळे त्या काळच्या लेखकाला बाराव्या भागात नायकाचं लग्न जमवावं लागे आणि तेराव्यात लावून मोकळं व्हावं लागे. काकाजींच्या मते ‘मिस्टर योगी’ ही यातली सर्वांत चोख मालिका. मोहन गोखले अमेरिकेतून मुली पाहायला येतो, बारा राशींच्या बारा मुली. “बारा राशी आन् एक शेवट. झाले तेरा. याले म्हनतात हिशेब!” ही मालिका ज्या कादंबरीवर बेतली होती, तिच्यावरच २००९ मध्ये हिंदी सिनेमा आला तेव्हा काकाजी महिनाभर नाराज होते. आपल्या शेतात दुसऱ्यानं नांगर घातल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतं, आणि सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही.

दिवाणजीपणा कुठे जात नाही. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००८ मध्ये संपली तेव्हा तिचे भाग भरले १,८३३. काकाजींनी ठेल्यावरच्या सिगारेटच्या पाकिटावर भागाकार केला. “एकशे एक्केचाळीस मालिका बसल्या असत्या यात. बाकी शून्य!” बाकी शून्य आली याचं त्यांना विशेष दुःख झालं, एखादा भाग उरला असता तर मालिका वाईट होती एवढंच म्हणता आलं असतं, पूर्ण भाग गेला म्हणजे जाणूनबुजून केलं. असा तर्क मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

लांबत जाणाऱ्या गोष्टींवरचा हा राग फक्त टीव्हीपुरता नाही. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते इथल्याच गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो किती हजार कोटींवर गेला ते या भागातलं शाळकरी पोरही सांगतं. कालवे अजून पुरते झालेले नाहीत. “तेरा भागांची मंजुरी असती,” काकाजी म्हणतात, “तं बाराव्या भागात पानी सुटलं असतं.” पाटबंधारे खात्याचे एक साहेब एकदा ठेल्यावर चहा प्यायला थांबले होते. काकाजींनी त्यांना ‘किले का रहस्य’ सांगायला घेतली आणि तिसऱ्या भागापासून साहेबांच्या लक्षात आलं की यातला किल्ला म्हणजे आपलं ऑफिस आहे. रहस्य कळायच्या आत जीप निघाली.

ज्या ओसरीत गावानं या मालिका पाहिल्या ती ओसरी गोसेच्या पाण्याखाली गेली. आता घर पुनर्वसनाच्या वस्तीत, प्लॉट नंबरचं. तिकडे दूरदर्शनमध्ये टेप महाग म्हणून जुन्या कार्यक्रमांवर नवे चढवले गेले, त्यात कितीतरी मालिका पुसल्या गेल्या. म्हणजे पाहिलेलं गेलं आणि पाहायची जागाही गेली. काकाजींकडे पुरावा म्हणून काही म्हणता काही उरलं नाही, आणि ज्याला पुरावा नाही त्याला खोडायचं कसं?

खोडणारं माणूस गावात एकच: काकी. त्यांनी या मालिका कधी पाहिल्या नाहीत. ओसरीत पंचवीस माणसं बसलेली, त्यांच्या चहाला आत चुलीजवळ कोणीतरी हवं की नको? काकींनी सगळं भिंतीपलीकडून ऐकलं. त्यामुळे त्यांना एकाही नटाचा चेहरा ठाऊक नाही, पण आवाज, संगीत, दार वाजणं, पेला फुटणं, कोण कितव्या भागात रडलं, सगळं पाठ. काकाजी बाहेर रंगात येऊन “नवव्या भागात त्याचा बाप मरते” असं सांगत असले की आतून आवाज येतो, “मेला नवता. मेल्यावर वाजते तो बाजा वाजला नवता.” यावर काकाजींकडे उत्तर नसतं. ते पाहिलेल्यातले, ऐकलेल्यापुढे त्यांचं चालत नाही.

गावातल्या तारखाही काकाजींच्या मालिकांनी बांधल्या आहेत. थोरला नातू पुण्याला असतो, त्याच्या आईचा जन्म ‘कच्ची धूप’च्या चौथ्या भागानंतर, म्हणजे १९८७. भाग संपला, दाई आली. त्या मालिकेतल्या नटीवरून ‘भाग्यश्री’ हे नाव का नाही ठेवलं असं कोणी विचारलं तर “तेव्हा ते बी नवीन होती, ही बी नवीन होती” एवढंच. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडार आणि नाटक चालतं. झाडीपट्टीच्या नाटकात नायिका वेडी झाली की सगळं मैदान डोळे पुसतं आणि काकाजी शेजाऱ्याला कोपर मारतात: “सहावा भाग.” कोणत्या मालिकेचा, हे विचारायचं नसतं. मयतीलाही ते हेच करतात, आणि तिथे मात्र चुकतात असं माझं मत आहे.

एक दुखरी जागा आहे. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले आणि ‘चिमणराव’, ‘गजरा’ यांच्या गोष्टी निघाल्या की काकाजी गप्प होतात. प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ मुंबई केंद्रावर गाजले ते १९७७च्या सुमारास. तेव्हा इकडे अँटिनाचा बांबूही तोडलेला नव्हता. पाहुणे हळहळतात की नव्या पिढीला हे ठाऊकच नाही, सगळे विसरले. काकाजी सुपारी कातरत म्हणतात, “तुमचं बरं आहे. जे पाह्यलंच नाही, ते आमाले विसरताही येत नाही.”

मग २०२० साल आलं. टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं, मागोमाग ‘महाभारत’, ‘ब्योमकेश बक्शी’, ‘सर्कस’; एप्रिलमध्ये जुन्या मालिकांसाठी ‘डीडी रेट्रो’ नावाची वाहिनीच निघाली. गावाला वाटलं, काकाजींचे दिवस आले. काकाजींनी टीव्हीसमोर खाट टाकली आणि आपल्या मालिकांची वाट पाहिली. आल्या त्या सगळ्या नावाजलेल्या. “इथेही वशिला!” म्हणून त्यांनी खाट परत अंगणात नेली.

त्या रिकाम्या दिवसांतच पुण्याहून अडकून पडलेल्या नातवानं घात केला. काकाजींची एक अत्यंत लाडकी मालिका आहे. नाव सांगत नाही. तशी शपथ आहे. तीतला एक प्रसंग त्यांनी तीसेक वर्षं तालुकाभर सांगितला. नायक रेल्वे फलाटावर उभा आहे, पाऊस पडतो आहे, तो तिचं पत्र फाडतो, तुकडे रुळांवर टाकतो आणि म्हणतो, पत्ता तिलाही माहीत आहे. हे ऐकून एस.टी.चा एक कंडक्टर रडलेला मी पाहिला आहे. नातवाला तो भाग यूट्यूबवर सापडला. मोबाइल उशीला टेकवला, घरचे जमले. चित्रावर मुंग्या होत्या, पण प्रसंग दिसत होता. नायक बसस्टँडवर होता. पाऊस नव्हता. पत्रही नव्हतं. त्यानं समोसा खाल्ला, हात पुसले आणि बसमध्ये चढला.

कोणी काही बोलेना. काकाजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “कापलं त्यायनं.” नातू म्हणाला, “आबा, कापतील कसं, समोसा तर पूर्ण दाखवलाय.” तेव्हा सगळ्यांनी काकींकडे पाहिलं. शेवटी न्यायालय तेच. काकी म्हणाल्या, “पत्र फाडल्याचा आवाज मी कधीच ऐकला नाही.” मग जरा थांबून नातवाला म्हणाल्या, “बंद कर ते. यायचा बरा होता.”

तीस वर्षं बापाला मारणारं संगीत वाजलं की नाही एवढ्यावर नवऱ्याला अडवणाऱ्या काकी फलाटाच्या प्रसंगाला एकदाही आडव्या आल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

काकाजींवर याचा परिणाम काय झाला? काही नाही. टाळेबंदीत ठेला बंद होता, तेवढेच दिवस ते गप्प होते. आता तोच प्रसंग ते “मूळ भागात असं होतं, मंग दिल्लीवाल्यायनं कापलं” अशी प्रस्तावना जोडून सांगतात, आणि त्यामुळे तो आणखी पाच मिनिटं लांबला आहे. शिवाय या मालिकेचा तेरावा भाग त्यांनी पाहिलेलाच नाही. ऐन वेळी लाईट गेली होती. तरी शेवट ते सांगतात. म्हाताऱ्यांना सांगतात तेव्हा लग्न होतं, पोरांना सांगतात तेव्हा नायक मिलिटरीत जातो आणि निवडणुकीच्या दिवसांत गावच्या सरपंचाला शिक्षा होते. मी तिन्ही ऐकले आहेत. सरपंचाचा सर्वांत चांगला आहे.

तेव्हा पवनीच्या रस्त्यानं कधी जाणं झालं आणि फाट्यावर कोणी खांद्यावर हात ठेवून “पाह्यली होती का गा?” असं विचारलं, तर पाहिलेली असली तरी ‘नाही’ म्हणा. मात्र तुमच्या बसला निदान पाऊण तास अवकाश असेल तरच.