रिकाम्या खाचेच्या झाकणाची किंमत

कंपन्यांच्या कार्यालयांत बसवल्या जाणाऱ्या राउटरला दोन किमती असतात. छापील किंमत कोणी देत नाही आणि दिलेली किंमत कोणी सांगत नाही. राउटर बनवणाऱ्या सिस्को या अमेरिकी कंपनीच्या छापील किमतींची जाडजूड यादी 'ग्लोबल प्राइस लिस्ट' या नावाने ओळखली जाते. तिचा मुख्य उपयोग तिच्यातून किती टक्के वजा झाले हे साहेबांना सांगण्यासाठी होतो. चाळीस टक्के सूट मिळवणारा खरेदी अधिकारी सुखात असतो, शेजारच्या कंपनीला साठ टक्के मिळाल्याचे कळेपर्यंत.

सूट किती मिळणार हे ग्राहकाच्या आकारावर, प्रतिस्पर्धी कंपनीचे कोटेशन टेबलावर किती उघडे पडले आहे यावर आणि महिन्यावर ठरते. सिस्कोचे आर्थिक वर्ष जुलैच्या शेवटच्या शनिवारी संपते. म्हणजे विक्रेत्याची खरी धावपळ पावसाळ्यात. आपल्याकडच्या सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांना मात्र खरेदीची उबळ येते मार्चअखेरीस, निधी परत जाऊ नये म्हणून. या दोन घायकुती एकमेकींना भेटत नाहीत आणि भुर्दंड बहुधा मार्चवाल्यावर पडतो.

हाती येणारे कोटेशन दोन-तीन पानी असते. त्यात राउटर एका ओळीत सापडतो, बाकी परिवार. भिंतीत खुपसायच्या वायरीला स्वतंत्र क्रमांक, किंमत शून्य. ज्या खाचेत काहीच बसवायचे नाही, त्या खाचेवरच्या पत्र्याच्या झाकणालाही स्वतंत्र क्रमांक, किंमत तीच. फुकटच्या वस्तूंची एवढी काटेकोर नोंद ठेवणारा दुकानदार पैशाच्या वस्तू मोघम ठेवणार नाही, हे ओळखून पुढच्या पानाकडे वळावे.

पुढच्या पानावर परवाने असतात. सिस्कोचा आयएसआर ४३३१ हा राउटर उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे. कारखान्यातून निघताना तो सेकंदाला १०० मेगाबिट एवढीच माहिती पुढे सोडत असे. जादा पैसे भरून परवाना घेतला की तोच राउटर ३०० मेगाबिट सोडू लागे. डबा उघडला जात नसे, सुटा भाग येत नसे, माणूसही येत नसे. ताकद आधीपासून आत होती, फक्त तिला मनाई होती. धाकट्या ४३२१ला ५०वरून १००पर्यंत जाण्याची मुभा होती. पुढे कंपनीने ही मर्यादाच काढून टाकणारा 'बूस्ट' नावाचा परवाना आणला. आपणच बांधलेला बांध आपणच फोडून द्यायचा आणि फोडण्याची मजुरी घ्यायची, असा हा जलसिंचनाचा प्रकार आहे.

वेग झाला, आता कामे. साधी वाहतूक या राउटरांच्या मूळ किमतीत मिळे. शाखाशाखांमध्ये गुप्त बोगदा टाकायचा तर सुरक्षेचा परवाना लागे, फोनची व्यवस्था हवी तर त्याचा वेगळा. सुरक्षेचा परवाना घेऊनही गूढलिपीतली वाहतूक एका दिशेला ८५ मेगाबिट आणि २२५ बोगदे यांच्यावर जाऊ शकत नसे, कारण अमेरिकेचे निर्यातीचे नियम. ती मर्यादा ओलांडायला 'एचसेक' नावाचा आणखी एक परवाना असे. भोसरीतल्या एखाद्या कारखान्याला आपला पगारपत्रकाचा तक्ता चाकणच्या शाखेला पाठवण्यापूर्वी अमेरिकी कायद्याचे भान ठेवावे लागते, ही जागतिकीकरणाची अल्पज्ञात बाजू होय.

हे परवाने निदान एकदा घेतले की सुटले, असे पूर्वी म्हणता येई. आता मुदतीचे दिवस आले आहेत. सिस्कोने २०१२ मध्ये १.२ अब्ज डॉलरला घेतलेल्या मेराकी कंपनीच्या जुन्या पद्धतीत एका ग्राहकाच्या साऱ्या परवान्यांची सरासरी काढून सर्वांना एकच अंतिम तारीख मिळते. ती उलटल्यावर ३० दिवसांची सवलत, आणि तरीही पैसे न आल्यास पैसे देऊन विकत घेतलेले यंत्र काम थांबवते. सगळी मिळून एकच तारीख असल्यामुळे थांबताना सगळी मिळूनच थांबतात. हिशेबनीसाला मालमत्तेच्या यादीत दिसणारी वस्तू प्रत्यक्षात भाडेकरूसारखी वागते, हे पटवून देणे सोपे नसते.

देखभालीचा करार हा निराळा खर्च. स्वस्तातल्या प्रकारात फोनवरची मदत चोवीस तास मिळते, पण बिघडलेल्या यंत्राच्या बदली दुसरे मिळते ते पुढच्या कामाच्या दिवशी. शुक्रवारी संध्याकाळी राउटर बंद पडला तर पुढचा कामाचा दिवस म्हणजे सोमवार, आणि राउटर शुक्रवारी संध्याकाळीच बंद पडतात.

ऑप्टिकल फायबर जोडण्याच्या बोटभर तुकड्याबाबत तर कंपनीवर निष्ठाच अपेक्षित असते. दुसऱ्या कंपनीचा तुकडा बसवला तर सिस्कोची अनेक यंत्रे तो नाकारतात. त्यांना गप्प करणारी 'सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर' ही आज्ञा कंपनीनेच यंत्रात ठेवली आहे, फक्त मदतीच्या यादीतून ती लपवली आहे. बाहेर ती नेटवर्कवाल्यांपैकी बहुतेकांना पाठ असते.

असे केल्याशिवाय धंदा चालत नाही, हे खरे नाही. लॅटव्हियातली मायक्रोटिक १९९६पासून आहे आणि तिच्या यंत्राबरोबरच परवाना येतो, तो संपत नाही. आभासी राउटरसाठी ती ४५, ९५ आणि २५० डॉलर अशा किमती उघड लावते. पैसे न भरणाऱ्यालाही ती हाकलत नाही, १ मेगाबिटवर बसवून ठेवते. अडचणीच्या वेळी रात्री फोन उचलणारा माणूस मात्र या दरात येत नाही, आणि बड्या बँका महागडे कोटेशन निमूट मान्य करतात त्यामागे हेही कारण असते.

काटकसरीचा म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा रस्ता अनेकांना सुचतो. तिथे जुना राउटर पाव किमतीत मिळू शकतो. पण सिस्कोचा सॉफ्टवेअर परवाना सर्वसाधारणपणे पहिल्या मालकाच्या नावे असतो आणि पेटीबरोबर हस्तांतरित होत नाही. नव्या मालकाला तो पुन्हा घ्यावा लागतो.

तेव्हा राउटर घेणाऱ्याने यंत्राची किंमत विचारू नये. यंत्र, परवाने, देखभाल, पाच वर्षांतली नूतनीकरणे आणि १८ टक्के जीएसटी धरून होणारी एकूण रक्कम रुपयांत, लेखी, एकाच ओळीत मागावी. विक्रेता ती ओळ लिहायला तयार नसेल, तर दुसरा विक्रेता शोधावा.