तात्यांचा पाय

तात्या लहान असताना कुणीतरी त्यांना कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य घालून वाढवलं. त्यातलं नायसिन कोंबडीला पुरतं, हंसाच्या पिल्लाला पुरत नाही, पाय वाकतात. हे मला कळलं तेव्हा तात्या घरी आले होते आणि विकणाऱ्याने फोन उचलणं सोडलं होतं.

तात्या म्हणजे आमचा हंस. पांढराशुभ्र, डाव्या पायाने अधू, आवाजाने ठणठणीत. या वसईच्या वाडीत आम्ही दोघंच राहतो, त्यामुळे त्यांच्या लेखी त्यांचा अख्खा थवा म्हणजे मी, एक निवृत्त मास्तरीण. हंसाची पिल्लं माणसाला आई मानून मागे कशी लागतात, याचा अभ्यास ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेंट्स यांनी केला. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल आणखी दोघांबरोबर त्यांना मिळालं. त्यांच्यामागून चालणाऱ्या पिल्लांचे फोटो फार गोड आहेत. ती रांग वाटेत काय काय टाकत गेली आणि ते कुणी पुसलं, हे मात्र फोटोत येत नाही.

सारा भार उजव्या पायावर पडतो, म्हणून त्याच्या तळव्याला फोड येतो. तो धुवायचा, मलम लावायचं, पट्टी बांधायची. हे करताना एका हाताने पंख धरायचे असतात, दुसऱ्याने मान. पट्टी बांधायला जो तिसरा हात लागतो, तो एकट्या माणसाच्या घरात नसतो. मी तात्यांना काखेत घेते, तोंड मागच्या बाजूला करून. मग पट्टी नीट बसते आणि माझ्या पाठीचे लचके निघतात.

पाण्यात पायावर भार येत नाही म्हणून रोज टबात पोहणं. एकच पाय वल्हवत असल्याने ते जागच्या जागी गरगर फिरतात, आणि मोठा पल्ला मारून आल्यासारखे रुबाबात बाहेर काढून घेतात.

लंगडं कुत्रं सांभाळलंत तर लोक म्हणतात, "किती करता हो मुक्या जिवाचं!" तात्यांना पाहून शेजारचे काका विचारतात, "बाई, वजन किती भरेल?" आणि तात्या मुके असते तर आणखी काय हवं होतं!

अमेरिकेत नेब्रास्कामधल्या जीन फ्लेमिंग यांनी १९८८ च्या सुमारास अँडी नावाच्या, जन्मतःच पावलं नसलेल्या हंसाला तान्ह्या बाळाचे बूट घालून चालायला शिकवलं. अँडी थेट टीव्हीवर झळकला. मीही बाळाचा बूट आणला. तात्यांनी तो चोचीने काढून टबात बुडवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच क्षमा मागितली.

नीट सांभाळलेला हंस वीस वर्षं सहज जगतो. माझं वय मी इथे लिहीत नाही.

मे महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न आहे. कुत्र्यामांजरांना ठेवून घेणारे पाहुणाघरवाले "हंस" ऐकल्यावर हसून फोन ठेवतात. तेव्हा वाचकांपैकी कुणाला दोन-तीन दिवस वाडीवर राहून तात्यांचं करणं जमत असेल, तर जरूर कळवावं. जेवणाची सोय आहे, विहिरीचं पाणी गोड आहे. हात तीन असल्यास प्राधान्य.