काठावर पास

आमच्या सोसायटीची मोटर कधी बंद करायची, हे गेली अकरा वर्षं वॉचमनकाकांचा कान ठरवत आलाय. गच्चीवरून धबधबा ऐकू आला की काका खुर्चीवरून उठतात. मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, "हे आपण एज कंप्युटिंगवर नेऊ." चेअरमनना वाटलं, पैसे मागतोय. मागतच होतो.

निर्णय टाकीपाशीच घ्यायचा, क्लाउडने फक्त नवे नियम पाठवायचे आणि खुशाली विचारायची, असं मी समजावलं. "म्हणजे काम काकांचं आणि हुकूम तुमचा," तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या.

अशी सॉफ्टवेअरं 2017-18 पासून मिळतात: ॲमेझॉनचं ग्रीनग्रास, मायक्रोसॉफ्टचं अझ्युर आयओटी एज. मी कुठलं घेतलं ते सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात त्यांचा दोष नव्हता. लिफ्टरूममध्ये रास्पबेरी पाय हा चिमुकला कंप्युटर ठेवला. टाकीतलं पाणी मोजणारा सेन्सर 5 व्होल्टचा, पायच्या पिना 3.3 व्होल्टच्या; मध्ये दोन रेझिस्टर न घालता जोडलं तर पाय भाजतो. हे मला पाय भाजायच्या आधी कळलं, याचा अजून अभिमान आहे. यंत्राची खासगी किल्ली मात्र एकदाच डाउनलोड होते. मी ती तीनदा हरवली आणि दर वेळी नवं यंत्र नोंदवलं. क्लाउडच्या दफ्तरी आमच्या गच्चीवर चार पाय आहेत.

सेन्सर टाकीच्या झाकणाला आतून लावलेला. तो आवाज सोडतो, प्रतिध्वनी ऐकतो आणि पाणी किती खाली आहे ते मोजतो. म्हणजे टाकी भरेल तसा आकडा उतरणार. मी चढेल असं धरलं होतं. टाकी काठोकाठ भरली की माझ्या प्रोग्रामच्या मते आत खडखडाट. मोटर चालू!

आजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. चूक लगेच सापडली, सुधारली, डिप्लॉय दाबलं. स्क्रीनवर आलं: रांगेत. कारण एव्हाना गच्चीवरचं पाणी जिन्यातल्या राउटरवर उतरलं होतं. नेट गेलं तरी एजचं काम थांबत नाही, हे मीच मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं. थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी नवा राउटर लागला. मोबाइलवर हिरवी टिक: डिप्लॉयमेंट यशस्वी. मोटर चालू करणारा रिलेही टककन वाजला. मोटर ढिम्म.

फ्यूज काकांच्या खिशात होता.