टॉवर नाही? वायफाय घ्या!

मोबाइलला रेंज नाही म्हणून रडणाऱ्यांची सोय केव्हाच झाली आहे. डिसेंबर 2019 मध्ये एअरटेलने आणि जानेवारी 2020 मध्ये जिओने वायफाय कॉलिंग आणलं. फोन टॉवरला विचारतही नाही. घरातल्या वायफायवरून इंटरनेटच्या वाटेने थेट कंपनीच्या यंत्रणेत शिरतो आणि नेहमीच्याच नंबरवरून कॉल लागतो. वेगळं ॲप नको, जादा पैसे नकोत. मोठी अट एकच : घरात ब्रॉडबँड हवं.

ही आनंदवार्ता नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांना कळवायला हवी. फोनवरून कळवता येणार नाही, एवढंच. टॉवर नाही म्हणून वायफाय घ्यायचं, तर केबल ज्या रस्त्याने यायची तो रस्ताच अजून यायचाय. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? तोवर टेकडीवरचा ठरलेला दगड आहेच. त्यावर उभं राहून हात उंच केला की दोन कांड्या येतात. त्याही कधी गुजरातच्या.

नंदुरबार मागासलेला म्हणू नका. अक्कलकुवा हा राज्याचा विधानसभा मतदारसंघ क्रमांक 1. देशातलं पहिलं आधार कार्डही 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत, खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिलं गेलं. आता त्या आधारचा ओटीपी मोबाइलवर येतो. ओळख सरकारने दिली. ती पटवायला डोंगर मात्र ज्याचा त्याने चढायचा, तोही ओटीपीची मुदत संपायच्या आत.