बसलेली गाडी उठवण्याविषयी

सित्रोएन डीएस घरच्या घरी दुरुस्त करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम टेप घेऊन आपले गॅरेज मोजावे. गाडी पाच मीटरला थोडीच कमी आहे. फ्रान्समधल्या उपनगरांत घरांना जी गॅरेजे असतात, त्यांत ती शिरते. दार मात्र लागत नाही. याचे वाईट वाटून घेऊ नये. दार उघडे राहिल्याने जाणारे-येणारे थांबतात आणि सल्ला देतात, आणि ज्याच्या मामाकडे एकेकाळी डीएस नव्हती असा साठीच्या पुढचा फ्रेंच गृहस्थ अजून मला भेटायचा आहे. मामा काय करीत असे, ते ऐकून घ्यावे. करू नये.

आपल्याला यातले काही येत नाही, हा न्यूनगंड दुसऱ्या पायरीवर सोडून द्यावा. 5 ऑक्टोबर 1955 ला पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी लोकांपुढे आली आणि संध्याकाळपर्यंत बारा हजारांच्या घरात मागण्या नोंदल्या गेल्या. तोपर्यंत ती इतकी गुप्त ठेवली होती की विक्रेत्यांकडच्या मिस्त्रींनाही ती नीट माहीत नव्हती. गिऱ्हाईक गाडी घेऊन येई, मिस्त्री बोनेट उघडी आणि दोघे मिळून आत बघत. तेव्हा बोनेट उघडून नुसते बघत राहणे ही या गाडीच्या दुरुस्तीतली सर्वांत जुनी पद्धत आहे.

बघायचे काय, तर स्प्रिंग दिसते का. दिसणार नाही, कारण ती नाही. प्रत्येक चाकामागे एकेक पोलादी गोळा आहे. गोळ्याच्या मधोमध रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप हे तेल 150 ते 175 बार दाबाने नळ्यांतून खेळवतो आणि गाडी त्या तेलावर तरंगते. हेच तेल ब्रेक लावते, हेच स्टिअरिंग हलके करते, अस्सल डीएसमध्ये तर क्लच आणि गिअरही हेच सांभाळते. हे सगळे घडवणाऱ्या पोल माजेसकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. काय अशक्य असते हे शिकवणाऱ्या वर्गात तो बसलेलाच नव्हता. परिणामी एखादी नळी पाझरू लागली, तर आज सकाळी गाडीचा कोणता अवयव रुसेल हे पंचांग बघूनही सांगता येत नाही. नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यातून निघालेली प्यूजो 309 ज्यांनी वापरली, त्यांनी आपल्याला फ्रेंच गाडीचा अनुभव आहे असे समजू नये. ती पोलादावर उभी असे. ही श्रद्धेवर असते.

आता तेलाचा रंग. यावरून घरे मोडली नसतील, पण पंप भरपूर मोडले आहेत. 1966 च्या उन्हाळ्यापर्यंत फ्रान्समध्ये बनलेल्या गाड्यांत तांबडे तेल असे. ते हवेतले पाणी पिते, मग नळ्या आतून गंजतात, आणि रंगावर सांडले तर रंगही काढते. त्यानंतरच्या गाड्यांत एलएचएम नावाचे हिरवे खनिज तेल आले आणि त्या तेलाला लागणारे भाग कारखान्यात हिरवे रंगवले जाऊ लागले, म्हणजे चूक व्हायला जागा उरू नये. तरी होते. तांबड्याच्या गाडीत हिरवे किंवा हिरव्याच्या गाडीत तांबडे गेले, की एकेक रबरी सील फुगते, मऊ पडते आणि गाडीतले झाडून सगळे रबर बदलावे लागते. त्याहून धोक्याचा असतो तो मदतीला धावणारा मेहुणा. त्याला टाकीतली पातळी कमी दिसते, तो सुपरमार्केटमधून साधे ब्रेक ऑइल आणतो आणि आपण झोपेत असताना ते ओतून मोकळा होतो. गॅरेजमध्ये एकाच रंगाच्या बाटल्या ठेवाव्यात आणि मेहुण्यास स्वयंपाकघरात गुंतवावे.

तेलाची खात्री पटल्यावर इंजिन सुरू करावे. गिअरची काडी स्टिअरिंगच्या मागे, वरच्या अंगाला आहे. ती डावीकडे ढकलली की स्टार्टर फिरतो. मग काहीही न करता बसून राहावे. रात्रभर उभी असलेली गाडी पोट जमिनीला टेकवून बसलेली असते आणि म्हैस उठते तशीच उठते, आधी मागून, मग पुढून. या अवधीत गिअर टाकण्याची घाई करू नये. ऑफिसला उशीर होत असेल तर तो गाडीचा प्रश्न नाही.

गाडी उठली, की कान द्यायचा. इंजिनाच्या बाजूला दाब सांभाळणारा रेग्युलेटर आहे. दाब पुरेसा झाला की तो 'टक्' असा आवाज करून पंपाला विश्रांती देतो, आणि दाब उतरला की पुन्हा 'टक्'. दोन टकांमध्ये अर्धा मिनिट किंवा जास्त गेले, तर तब्येत चांगली. दर दोन-चार सेकंदांनी टकटक सुरू असेल, तर दाब साठवणारा मुख्य गोळा गेला आहे किंवा कुठेतरी आतल्या आत गळती आहे. ही परीक्षा चालू असताना घरात मिक्सर लावू नये, मुलांनी पियानोचा सराव करू नये आणि शेजाऱ्यांनी हिरवळ कापू नये. जाणकार मालक जेवताना, लग्नात, दंतवैद्याच्या खुर्चीतसुद्धा कुठेतरी टक् झाले की मनात आकडे मोजू लागतो. हा विकार आहे, औषध नाही.

चाकांचे गोळे तपासणे त्या मानाने सोपे. मागच्या बंपरवर वजन टाकावे. गाडी हळूच खाली जाऊन हळूच वर आली तर गोळा जिवंत आहे. हललीच नाही तर नायट्रोजन निघून गेला आहे आणि खड्ड्याखड्ड्याला मणका त्याची आठवण देईल. गोळा काढून भरून आणता येतो, पण नायट्रोजननेच. सायकलच्या पंपाने हवा भरली तर चालेल का, असे विचारणारा शेजारी प्रत्येक गल्लीत एक असतो. त्याला सांगावे की दाबलेल्या हवेतला प्राणवायू आणि तेल एकत्र आले, तर पडदा फाटण्याच्या दिवशी स्फोटाची सोय होते.

एवढा परिच्छेद मात्र गंभीरपणे वाचावा. गोळा सोडवण्याआधी उंचीचा लिव्हर सर्वांत खालच्या खुणेवर आणावा, रेग्युलेटरवरचा दाब सोडणारा स्क्रू सैल करावा आणि दाब उतरल्याची खात्री करूनच पट्ट्याचा पाना लावावा. या दाबाच्या तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरते. आणि गाडी वर उभी दिसते म्हणून तिच्याखाली सरपटू नये. तिला वर धरले आहे ते तेलाने, आणि तेल न सांगता उतरते. पक्के लोखंडी स्टँड लावल्याशिवाय डोकेच काय, पायाचे बोटही खाली घालू नये. गाडीखाली विसरलेली हत्यारांची पेटी सकाळी चपटी होऊन मिळाली, तर स्वस्तात सुटलो म्हणावे.

गंभीर भाग संपला. आता पंक्चर, कारण पाहुण्यांना दाखवण्यासारखे याहून काही या गाडीत नाही. लिव्हर सर्वांत वर न्यावा. गाडी टाचा उंचावून उभी राहते. तिच्या कुशीखाली, बरोबर मध्यावर, सोबत दिलेली टेकू-काठी अडकवावी. मग लिव्हर सर्वांत खाली आणावा. गाडी बसायला जाते, टेकू बसू देत नाही, आणि त्या बाजूची चाके आपसूक वर उचलली जातात. जॅकची मूठ फिरवत घाम गाळायचे काम नाही. मागचे चाक असेल तर ते मडगार्डने झाकलेले असते, पण सगळे मडगार्ड एकाच बोल्टवर आहे. चाकाच्याच पान्याने तो काढला, की मडगार्ड मागे ओढून हातात येते आणि गवतावर ठेवता येते. गर्दी जमते ती इथे. स्टेपनी डिकीत शोधू नये, ती नाकात, रेडिएटरच्या पुढे ठेवलेली आहे. 22 ऑगस्ट 1962 ला पॅरिसजवळ पेती-क्लामारला राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डीएसवर गोळ्यांचा वर्षाव झाला, टायर फुटले, तरी चालकाने गाडी तशीच दामटून बाहेर काढली. म्हणजे हा प्रयोग पाहण्याची संधी गमावूनही या गाडीचा उपयोग होतो.

इतके वाचून कोणालाही वाटेल की या गाडीचा शत्रू म्हणजे तिची नळ्या-गोळ्यांची व्यवस्था. लोक तेलाला घाबरतात. गाड्या मरतात गंजाने. डीएसची बाहेरची सगळी पाने, म्हणजे दारे, मडगार्डे, बोनेट, बोल्टने लावलेली आहेत आणि ती काढली तरी गाडी चालते. जीव आहे तो आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात, त्यातही दारांखालच्या दोन पेट्यांत आणि डिकीच्या तळाशी. पाणी मुरते तिथेच. उलट टप फायबर ग्लासचा आणि बोनेट ॲल्युमिनियमचे, दोन्ही गंजत नाहीत. म्हणून विकणारा माणूस टपावरून आणि बोनेटवरून प्रेमाने हात फिरवत असतो. त्याला फिरवू द्यावा, आपण गुडघ्यांवर बसून स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाराखालच्या पेटीत हलकेच टेकवावे. टोक आत गेले, तर आभार मानून कॉफी संपवावी आणि निघावे. गोळे महिन्याभरात बदलून होतात. सांगाडा वेल्डिंगवाल्याकडे गेला की मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहतो.

पुस्तक हवेच. फ्रान्समध्ये 1946 पासून 'रेव्ह्यू तेक्निक ओतोमोबिल' निघते आणि तिचे डीएसवरचे अंक जुन्या बाजारात तेलाच्या डागांसकट मिळतात. डाग जास्त असलेले पान आधी वाचावे. तिथे पूर्वी कोणीतरी अडले आहे. अशा पुस्तकांची एक खोड म्हणजे, एखादा भाग कसा सोडवायचा याची चार पाने झाली की जोडणी 'उलट क्रमाने' करावी, एवढ्यावर लेखक हात झटकतो. उलट क्रमाने जोडल्यावर जे वॉशर उरतात, ते बरणीत ठेवावेत.

रोलां बार्थ यांनी 1957 च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात या गाडीची तुलना गॉथिक कॅथीड्रलशी केली आहे. लेख सुंदर आहे, पण त्यात ऑइल सीलचा उल्लेख नाही. कॅथीड्रल वरून गळते, ही खालून, एवढा फरक घरमालकाने लक्षात ठेवून फरशीवर पुठ्ठा अंथरावा. पुठ्ठ्यावर डाग दिसला तर गळती कुठे आहे ते कळते. काहीच दिसले नाही तर टाकीत तेल आहे का ते पाहावे.

सरकारी तपासणीची भीती बाळगू नये. संग्राह्य वाहन म्हणून नोंद केलेल्या गाडीला फ्रान्समध्ये ती पाच वर्षांनी एकदा असते आणि 1960 पूर्वीची असेल तर नसतेच.

कधीतरी गाडी विकायची वेळ येते. बहुधा ती मालकाच्या नव्हे, तर पत्नीच्या लक्षात आधी येते. गिऱ्हाईक चक्कर मारून बघायला मागेल. अस्सल डीएसला ब्रेकचे पेडल नाही, पायाशी रबराची एक गोल गुंडी आहे. ती खाली जात नाही, नुसता दाब ओळखते, आणि इतर गाडीच्या सवयीने तिच्यावर पाय आपटणाऱ्याचे कपाळ काचेपर्यंत नेते. गुंडीची कल्पना गिऱ्हाइकाला निघण्यापूर्वी द्यावी की परत आल्यावर, हे त्याने सांगितलेल्या किमतीवरून ठरवावे.