होणाऱ्या जावयाची ‘एकशे पंच्याऐंशी’ कशी शोधावी : नवशिक्या सासऱ्यांसाठी

मुलगा पाहिला, पसंत पडला, पत्रिका जुळली, रान ओलिताखाली आहे, पोरगा पुण्यात कंपनीत आहे. ‘सुपारीचं खांडसुद्धा खात नाही,’ असं मध्यस्थाने तीनदा सांगितलं. तीनदा सांगितलं म्हणजे चौकशी करायला हवी.

अंबाजोगाईत चौकशीची जुनी पद्धत म्हणजे हॉटेलात बसून दोन चहा मागवायचे आणि मुलाच्या गावाचा माणूस गाठायचा. तिच्यात दोष एवढाच की तो माणूस एक तर मुलाच्या भावकीतला निघतो, नाहीतर बांधाच्या भांडणातला. दोन्हीकडची माहिती चवदार असते, पण भरवशाची नसते. म्हणून आता कागदाकडे वळू.

आधी कशाचा कागद शोधायचा ते समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की हे कलम लागतं. ‘दोनच पेग घेतले होते’ हा बचाव बायकोपुढे चालत असेल, कायदा पेग मोजत नाही. गाडी चालवण्याचा प्रयत्नही यात धरलेला आहे, म्हणजे ढाब्याच्या अंगणात किक मारता मारता आडवा झालेला गडीही सुटत नाही. पहिल्या खेपेला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या खेपेला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. २०१९च्या दुरुस्तीआधी पहिल्या खेपेचा दंड जास्तीत जास्त २,००० होता. गावातले जाणते अजून त्याच भावाने सल्ला देतात.

हेच जाणते ‘पावती फाडून मोकळं व्हायचं’ असंही सांगतात. हेल्मेटचं चलान मोबाइलवरून भरता येतं, ते तडजोडीचं आहे. १८५ तडजोडीचं नाही, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावीच लागते. सासऱ्यांनी यावर समाधान मानावं, कारण त्यामुळेच मागे कागद उरतो.

तो कागद रस्त्यावरच सुरू होतो. हवालदार मशीन पुढे करतात आणि ‘फुंक’ म्हणतात. काही शहाणे ओठ मिटून नुसते गाल फुगवतात, काही जण फुंकायलाच नकार देतात. विनाकारण दिलेला नकार आरोपीविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो, असं कलम २०५ म्हणतं. अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं. इतर तालुक्यांत ही घाई असेल. इथे गावातच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन तासांत एखादा पेशंट नेऊन आणूनही होईल. तिथल्या कागदावर तोंडाला वास येतो का, चाल स्थिर आहे का, बोलणं तुटक आहे का, बाहुल्या विस्फारल्या आहेत का, अशी नोंद होते. हे वर्णन वाचून हुरळू नका. नुसता वास, झोकांड्या आणि बाहुल्या एवढ्यावर दारूचा अंमल सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्येच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगितलं आहे. आकडा लागतो.

आता शोध. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ उघडा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा बीड, मग अंबाजोगाईचं न्यायालय. यादीत गाव ‘अंबेजोगाई’ असं दिसलं तर दचकू नका, ते आपलंच. पुढे पक्षकाराचं नाव आणि वर्ष भरायचं. नाव इंग्रजीत टाकायचं असतं, आणि नवशिक्याची दमछाक इथेच होते. पत्रिकेवर ज्ञानेश्वर, घरी माऊली, मित्रांत डीके. कोर्टात टायपिस्टने ‘डीएनवाय’ने लिहिला की ‘जीवाय’ने, हे त्यालाच माहीत. उपाय सोपा आहे : प्रत्येक स्पेलिंगची पहिली तीनच अक्षरं टाका आणि येतील तेवढे ज्ञानेश्वर वाचून काढा. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ दोन्ही निवडा, नाहीतर अर्धेच सापडतील. शेवटी पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरं येतात, ती ओळखून लिहायची. संध्याकाळी बसून आल्यावर हा उद्योग करू नये. दुसऱ्याची परीक्षा घेता घेता आपलीच होते.

नाव सापडलं की ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असं दिसेल. एका स्प्लेंडरवाल्याविरुद्ध अख्खं शासन, वाचून जरा दया येते. त्याशेजारी ‘एससीसी’ असेल तर तो समरी खटला, किरकोळ कामकाजातला. ‘आरसीसी’ असेल तर मामला मोठा असू शकतो. कलमं नीट वाचा. अपघातात माणूस गेला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ दिसेल, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. २००६मध्ये मुंबईत कार्टर रोडला पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली आणि ७ जण मेले. त्या अॅलिस्टर परेरा प्रकरणात सदोष मनुष्यवधाचं कलम टिकलं आणि ३ वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये कायम केली. अशी कलमं दिसली तर जावई राहू द्या, आधी वकील गाठा.

समरीचा निकाल मात्र बारकाईने वाचा. बहुतेक ठिकाणी ‘गुन्हा कबूल’ असतं, दंड असतो आणि कधी त्याच्या जोडीला ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’. म्हणजे मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसायचं, लोकांच्या वाटणीची आणि पोटगीची भांडणं ऐकायची आणि साहेब उठले की घरी जायचं. घरी ‘कोर्टात जरा काम होतं’ एवढंच सांगितलं जातं. पण दोषसिद्धी ती दोषसिद्धीच, पुढच्या खेपेचा १५,०००चा हिशेब तिथूनच सुरू होतो.

खरी चटका लावणारी शिक्षा दंडात नाही, लायसनमध्ये आहे. १८५मध्ये दोषी ठरलेल्याला किमान ६ महिने लायसनसाठी अपात्र ठरवावं, असं कलम २० सांगतं. पुण्याच्या कंपनीतला पोरगा बसने जाईल. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा हंगामच जातो. लायसनची स्थिती परिवहनच्या ‘सारथी’वर दिसते. तिथे लायसन नंबर आणि जन्मतारीख लागते. जन्मतारीख तुमच्याकडे वेळ, रास, नक्षत्रासकट आलेलीच आहे. नंबर मात्र मुलाकडूनच मागा. तो देताना त्याचं तोंड बघण्यासारखं असतं.

दोन सावधगिऱ्या. शोधात काही निघालं नाही म्हणून पोरगा धुतल्या तांदळाचा ठरत नाही. बर्दापूर ओलांडून रेणापूरच्या हद्दीत सापडला असेल तर जिल्हाच लातूर होतो, पुण्यात सापडला असेल तर पुणे. आणि नाव निघालं म्हणून तो हाच, असंही नाही. वडिलांचं नाव, वय, गाव जुळवा. ‘प्रलंबित’ म्हणजे दोषी नव्हे.

निकालाची नक्कल हवी असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्या, कोर्ट फी स्टॅम्प लावा. खटल्याशी संबंध नसलेल्याला कारण सांगावं लागतं. ‘होणारा सासरा’ असा रकाना अर्जात नाही.

हे सगळं करण्याआधी त्याच खिडकीत एकदा आपलं आडनाव टाकून बघावं. वरपक्षाकडेही मोबाइल आहे, आणि मुलीच्या धाकट्या काकाचं नाव त्यांनी कालच शोधलेलं असू शकतं.